बडोद्याच्या उन्हा-पावसात यूपीव्हीसी खिडक्या : काही महिन्यांचा अनुभव

दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पश्चिमेकडच्या सागवानी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवल्या, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. माल चांगला आहे. घोळ होतो तो बसवताना.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, पल्ला अडतो. यूपीव्हीसी पाणी पीत नाही, त्यामुळे ऑगस्टातही पल्ला सहज सरकतो. वाळवी नाही, गंज नाही, पॉलिश नाही. मे महिन्यात अॅल्युमिनियमच्या चौकटीचा चटका बसतो. ही आतून कोमट राहते, कारण आत पोकळ कप्पे आहेत. पण खोली गार होईल असं समजू नका. ऊन येतं काचेतून, त्याला छज्जाच हवा.

खरी मेख प्रसरणात आहे. चौकट ३५ अंशांनी तापली की २ मीटरची पट्टी सुमारे साडेचार मिमी वाढते, अॅल्युमिनियमची जेमतेम दीड. म्हणून भिंत आणि चौकट यांच्यात चहूबाजूंनी ५-६ मिमी फट ठेवायची, ती पीयू फोमने (फुगून फट भरणाऱ्या फेसाने) भरायची आणि बाहेरून वेदर सिलिकॉन (ऊन-पाऊस सोसणारं लवचीक सीलंट) मारायचं. गवंडी मात्र सवयीने तिथे सिमेंट ठासतो. मग चौकटीला बाक येतो, कडी खाचेत बसेनाशी होते आणि बोल लागतो प्लास्टिकला.

चौकटीच्या पोकळीत मजबुतीसाठी जस्त चढवलेली पोलादी पट्टी असते. तिची जाडी बिलावर लिहून घ्या. मोठ्या पल्ल्याला १.५ मिमीपेक्षा कमी नको. जोरकस चुंबक फिरवला की पट्टी कुठपर्यंत आहे ते कळतं.

दुसरी तक्रार पाण्याची. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने निचऱ्याच्या खाचा असतात. त्या एकतर सिलिकॉनखाली बुजतात किंवा उन्हाळ्याच्या धुळीने. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता : ते बाहेर पडायला हवं, आत तुंबलं तर खाच बंद आहे. जूनआधी जुन्या टूथब्रशने साफ करा.

तरीही वाऱ्यासोबतचा पाऊस सरकत्या पल्ल्यांमधल्या ब्रशातून (फट झाकणाऱ्या केसाळ पट्टीतून) थोडा आत येतोच. पश्चिमेला बिजागरीची, रबरी गॅस्केटची (कडेने दाबून बसणाऱ्या रबरी पट्टीची) खिडकीच घ्यावी. जागा थोडी जास्त अडते, एवढंच.

वरची संरक्षक फिल्म काम संपताच काढा, उन्हात भाजली की गोंद चिकटून बसतो. आणि तो काढायला थिनर नको, पृष्ठभाग कायमचा मळकट होतो. कोमट साबणपाणी आणि मऊ फडकं घ्या.