फ्रिमाँट की फ्रिस्को: पोलीस कोठडीपासून आइसपर्यंतचे अंतर

कॅलिफोर्नियातून टेक्सासला, उदाहरणार्थ फ्रिमाँटहून फ्रिस्कोला, घर हलवण्याचा विचार करणारी मराठी कुटुंबे घरांच्या किमती, राज्याचा आयकर आणि शाळा यांचा हिशेब बहुधा आधीच मांडून बसलेली असतात. त्या हिशेबात आणखी एक रकाना घालायला हवा: स्थानिक पोलिसांनी एखाद्याला अटक केली, तर तो माणूस संघराज्याच्या इमिग्रेशन यंत्रणेच्या, म्हणजे आइसच्या, हाती किती सहज पडतो?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अटकेनंतर तुरुंगात बोटांचे ठसे घेतले जातात, ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप इमिग्रेशनच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. हे दोन्ही राज्यांत सारखेच घडते, त्यामुळे कॅलिफोर्नियात अटकेची बातमी आइसला लागत नाही असे मानणे चूक आहे. फरक पडतो तो पुढच्या कागदावर. आइस तुरुंगाला पाठवते त्या आय-२४७ए नावाच्या फॉर्मला सगळे डिटेनर म्हणतात. सुटकेची वेळ झाल्यावरही या माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, असे त्यात म्हटलेले असते आणि खाली सही असते ती इमिग्रेशन अधिकाऱ्याची, न्यायाधीशाची नव्हे. संघराज्याला स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात सांगितले होते. त्यामुळे या कागदाचे काय करायचे, हे ठरवायला राज्यांना वाव मिळाला आणि दोन राज्ये दोन टोकांना गेली.

कॅलिफोर्नियाचा एसबी ५४ हा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. पोलिसांनी इमिग्रेशन स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) विचारायचे नाही, केवळ डिटेनरवर कोणाला अडकवून ठेवायचे नाही आणि आइसच्या हवाली करायचे तर न्यायाधीशाचे वॉरंट किंवा कायद्यातील यादीत बसणाऱ्या गुन्ह्याची शिक्षा झालेली हवी, असा त्याचा गाभा आहे. ही यादी मात्र बरीच लांब आहे, आणि राज्याच्या मोठ्या तुरुंगांना यातील बहुतेक बंधने लागू नाहीत. तुरुंगात आइसला मुलाखत घ्यायची असेल, तर कैद्याची लेखी संमती आधी घ्यावी लागते. तो संमतीपत्राचा नमुना इंग्रजीशिवाय स्पॅनिश, चिनी, तागालोग, व्हिएतनामी आणि कोरियन भाषांत ठेवण्याची सक्ती कायद्यात आहे. हिंदी किंवा मराठीचे नाव त्या यादीत नाही.

टेक्सासचा एसबी ४ त्याच वर्षी, २०१७ मध्ये, मंजूर झाला आणि त्याची दिशा नेमकी उलटी आहे. तिथे डिटेनर पाळणे बंधनकारक आहे. जाणूनबुजून न पाळणाऱ्या शेरीफवर (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, तुरुंग चालवणारा पोलीसप्रमुख) फौजदारी खटला होऊ शकतो आणि त्याचे पदही जाऊ शकते. आडकाठी करणाऱ्या शहराला किंवा काउंटीला पहिल्या खेपेस १,००० ते १,५०० डॉलर आणि नंतर २५,००० ते २५,५०० डॉलर दंड आहे. अटक झालेल्याला किंवा रस्त्यात कायदेशीरपणे थांबवलेल्याला स्टेटस विचारण्यापासून वरिष्ठ आपल्या पोलिसाला रोखू शकत नाहीत, आणि यात विद्यापीठांचे कॅम्पस पोलीसही आले, हे मुलांना डॅलस भागात शिकायला पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २०२५ च्या नव्या कायद्याने तर तुरुंग चालवणाऱ्या शेरीफना आइसशी २८७(जी) करार करणेच भाग पाडले असून त्यासाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. या कराराने स्थानिक अधिकाऱ्यांना इमिग्रेशनची काही कामे करण्याचा अधिकार मिळतो.

इलिनॉयचा २०१७ चा कायदा कॅलिफोर्नियाच्या जवळचा आहे, आणि त्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर यांची आहे. पक्षाच्या रंगावरून राज्याचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी एवढी नोंद पुरे.

आता निवडीचे. एच-वन हा नोकरीचा व्हिसा चालू आहे, कागद चोख आहेत आणि पोलिसांशी कधी संबंध आला नाही, अशांना माझ्या मते हा रकाना निर्णायक ठरू नये. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर पासपोर्टवरचा व्हिसा परराष्ट्र खाते रद्द करू शकते, मग अटक फ्रिमाँटला झालेली असो वा फ्रिस्कोला. परंतु नोकरी गेल्यानंतर देशात राहायला मिळणारे ६० दिवस संपत आलेले, अभ्यासक्रम अर्धवट सुटलेला किंवा घरातल्या कोणाची मुक्कामाची मुदत उलटलेली असेल, तर गोष्ट वेगळी. अशा घरात एखादी किरकोळ अटकही टेक्सासमध्ये जामिनावर घरी परतण्याऐवजी आइसच्या कोठडीत संपू शकते. कॅलिफोर्नियात ती शक्यता कमी, पण नाहीशी झालेली नाही, कारण तुरुंगातून ताबा मिळाला नाही तर आइसचे अधिकारी स्वतः घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतात आणि राज्याचा कायदा त्यांना अडवू शकत नाही.

टेक्सासच ठरले, तर घराइतकीच काउंटीही पाहावी. फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन या दोन काउंट्यांत विभागलेले आहे, म्हणजे शेरीफ दोन आणि तुरुंगही दोन. त्या शेरीफचा करार कोणत्या प्रकारचा आहे, फक्त तुरुंगापुरता की रस्त्यावरच्या गस्तीलाही लागू होणारा, हे आइसच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते.