पाँडिचेरीची स्कूटर आणि साडेपाच हजारांचा ओरखडा

जानेवारीत मी आणि माझी लेक चार दिवस पाँडिचेरीला जाऊन आलो. गाव फार आवडलं आणि तिथेच गंडलोही. पुढे जाणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितेय. थोडा राग अजून शिल्लक आहे, तोही निघेल.

तिथे माणूस सैलावतो, हे आधी सांगायला हवं. 1954 साली फ्रेंचांकडून कारभार आपल्याकडे आला, पण रस्त्यांच्या पाट्यांवर ‘र्‍यू’ (फ्रेंचमध्ये रस्ता) अजून आहे आणि पोलिसांच्या डोक्यावर लाल उभट टोपी आहे. नाल्याच्या एका अंगाला पिवळ्या भिंती आणि बोगनवेली, दुसऱ्या अंगाला गजबजलेली तमिळ वस्ती. संध्याकाळी बीच रोड वाहनांना बंद होतो आणि सगळं गाव गांधीजींच्या पुतळ्याभोवती शेंगदाणे खात फिरतं. दोन दिवस हे बघितलं की पुण्यात रिक्षाच्या मीटरवरून भांडणारी मीसुद्धा कुणावर संशय घ्यायला विसरले.

तिसऱ्या दिवशी ऑरोव्हिल या देशोदेशीच्या लोकांच्या वसाहतीत जायचं होतं, दहा-बारा किलोमीटर. रिक्षावाला म्हणाला, स्कूटर घ्या, स्वस्त पडेल, आणि स्वतःच दुकानाशी नेऊन सोडलं. त्याची ही माया का, ते तेव्हा सुचलं नाही. दुकान म्हणजे एका लॉजच्या बोळात टेबल, त्यावर वही, आणि बाहेर लावलेल्या सात-आठ गाड्या. तिशीचा हसरा पोरगा, मोडकं हिंदी आणि बरं इंग्रजी बोलणारा. मला पहिल्या वाक्यापासून ‘अक्का’ म्हणत होता, म्हणजे आपल्याकडची ताई. दिवसाला पाचशे भाडं, दोन हजार डिपॉझिट आणि माझं मूळ लायसन्स त्याच्याकडे. एक छापील कागद पुढे केला, पुढची बाजू इंग्रजीत, मागची तमिळमध्ये. सही केली.

लेक म्हणाली, “आई, गाडीचा व्हिडिओ काढून ठेवूया.” मी म्हटलं, “अगं, त्याच्यासमोर बरं दिसेल का?”

गप्पांच्या ओघात त्याने विचारलं, “परत कधी जाणार अक्का? ट्रेन की फ्लाइट?” मी कौतुकाने सगळं सांगितलं. परवा सव्वाबाराची चेन्नईची बस, संध्याकाळी तिथून पुण्याचं विमान. तो मान डोलवत ऐकत होता. आज वाटतं, स्कूटरच्या किल्लीबरोबर मी त्याला माझ्या घड्याळाची किल्लीही दिली.

ऑरोव्हिल झालं, तिथलं सोनेरी गोल ध्यानमंदिर, म्हणजे मातृमंदिर, लांबून पाहून झालं, दुसऱ्या दिवशी गावातच फिरलो. गाडी कुठे पडली नाही, कुणाला घासली नाही. निघायच्या दिवशी सकाळी साडेअकराला परत द्यायला गेलो. पोरगा तोच, ‘अक्का’ही तेच. गाडीभोवती फिरलाच नाही. सरळ डाव्या बाजूला उकिडवा बसला, फूटबोर्डच्या खालच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ये क्या किया?”

बोटभर लांबीचा ओरखडा. वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, आणि त्याचा हात मात्र न बघता तिथे गेला होता. मीही वाकले. ओरखड्यात तांबूस गंज धरला होता. मी म्हटलं, “हा जुना आहे. दोन दिवसांत इतका गंज धरतो का?” तो शांतपणे म्हणाला, “समुंदर की हवा है, अक्का.”

इतक्या संतापातही लेकीला हसू फुटलं. मला नाही फुटलं, कारण पुढचं वाक्य साडेसात हजारांचं होतं. म्हणे पूर्ण पॅनेल बदलावं लागेल, रंग वेगळा, आणि गाडी गॅरेजमध्ये राहील त्या दिवसांचं भाडं वेगळं. मी वाद घालू लागले तर त्याने कागदाची तमिळ बाजू उलटली. गाडी पाँडिचेरीबाहेर न्यायची नाही असं तिथे लिहिलंय, आणि ऑरोव्हिलचा बहुतेक भाग तमिळनाडूत येतो. हे खरं आहे, हद्द तिथे अशीच तुकड्यातुकड्यांची आहे. पण “ऑरोव्हिलला जातो” असं मी सांगितल्यावर त्यानेच मला रस्ता समजावला होता! “चलिए, पुलिस के पास चलते हैं,” असंही तोच म्हणाला. लायसन्स त्याच्या खणात, बारा वाजायला दहा मिनिटं, दोन बॅगा पायाशी. मागून आणखी दोघे येऊन नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत, बोलायची गरजही नव्हती.

घासाघीस करून साडेतीन हजारांवर मिटलं. डिपॉझिटचे दोन हजार वेगळे बुडाले. साडेतीन हजार यूपीआयने घेतले, ते भलत्याच माणसाच्या नावावर गेले. पावती मागितली तर हसला.

नंतर डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं की गाडी पाहताच मी मागे फिरायला हवं होतं. नंबर प्लेट पांढरी होती. भाड्याने द्यायच्या परवान्याच्या स्कूटरची प्लेट काळी असते, त्यावर पिवळे आकडे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं मुळातच बेकायदा. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठं संकट. आणि म्हणूनच त्याची पोलिसांची धमकी पोकळ होती. पोलीस आले असते तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला असता. त्या वेळी मीच 112 लावायला हवा होता. निदान फोन हातात घ्यायला हवा होता.

लायसन्सचंही तेच. मूळ कार्ड कुणाकडे ठेवायची गरज नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, झेरॉक्स द्या, हवं तर डिपॉझिट जास्त द्या. दुकानदार मूळ कार्डासाठी अडून बसला तर पुढचं दुकान बघा, तिथे दुकानांना तोटा नाही. व्हिडिओ त्याच्या देखत काढा, खाली वाकून, फूटबोर्डच्या खालचासुद्धा. माणूस खरा असेल तर त्याला राग येत नाही. आणि गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळीच परत करा. गावात स्कूटर लागतही नाही, सगळं पायी होतं. विमान-बिमान कितीचं आहे, हे तर नवऱ्यालासुद्धा सांगू नका असं मी आता म्हणते, पण ते जाऊ दे.

तक्रार का केली नाहीस, असं सगळे विचारतात. साडेपाच हजारांसाठी पुन्हा हजार-बाराशे किलोमीटर कोण जाणार? तोही हाच हिशोब करून बसलेला असतो.

बस ईसीआरने, म्हणजे किनाऱ्याच्या ईस्ट कोस्ट रोडने, चेन्नईकडे निघाली. मरक्काणमजवळ मिठागरं लागली, पांढऱ्या मिठाचे ढीग उन्हात चमकत होते, आणि मी खिडकीकडे तोंड करून गप्प बसले होते. लेक मोबाइलवर फोटो चाळत होती. एकदम म्हणाली, “आई, हे बघ.” पिवळ्या भिंतीसमोर स्कूटरवर बसलेली मी, गाडी घेतली त्या दिवशीची. तिने फोटो मोठा केला. फूटबोर्डच्या खाली तांबूस रेघ, स्पष्ट. वेळ सकाळी 10 वाजून 4 मिनिटं. गाडी आम्ही पावणेदहाला घेतली होती.

तो फोटो तसाच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली फक्त लिहिलं, “समुद्राची हवा?” दोन निळ्या टिका उमटल्या. महाबलिपुरम येईपर्यंत त्याचा डीपी दिसेनासा झाला होता.