सुरूच्या बनात तीन डिस्क: इनोव्हा डीएक्स संच

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी तबकडी, म्हणजे डिस्क, फेकत कमीत कमी फेकींत ठरलेलं लक्ष्य गाठायचा खेळ. तो शिकायचा आहे, सुरुवातीला काय घेऊ, असं विचारणाऱ्यांना मी इनोव्हा कंपनीचा हाच संच सांगते. पण खेळणार झाडीत असाल तर तीनपैकी एकच डिस्क तुमच्या खऱ्या कामाची, आणि ती म्हणजे सगळ्यात हळू जाणारी.

संचात लेपर्ड, शार्क आणि एव्हिआर अशा तीन डिस्क येतात: लांब फेकीची, मधल्या अंतराची आणि जवळची. प्रत्येकीचे चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचा कल. लेपर्डचे ६, ५, उणे २, १. शार्कचे ४, ४, ०, २. एव्हिआरचे २, ३, ०, १. उजव्या हाताने बॅकहँड फेकलं तर तिसऱ्या आकड्यातला उणे म्हणजे डिस्क आधी उजवीकडे झुकणार, आणि चौथा जितका मोठा तितकी ती शेवटी डावीकडे पडणार. आता मेख अशी की हे आकडे जोरदार हाताचे आहेत. माझ्यासारखीने, म्हणजे आयुष्यभर बँकेत शिक्के मारलेल्या मनगटाने फेकलं की सगळ्याच डिस्क लवकर डावीकडे कलतात.

आम्ही खेळतो मुंबईतल्या मनोरीच्या किनाऱ्याला. मार्व्याहून फेरीबोट पकडायची, शनिवार-रविवार टाळायचा. गोल्फ डिस्कची कड कडक असते, ती खेळण्यातल्या फ्रिस्बीसारखी झेलायची वस्तू नव्हे, त्यामुळे आसपास माणसं असताना फेकायचीच नाही. किनाऱ्यालगतच्या सुरूंमध्ये डिस्क अडकवणारी साखळ्यांची बास्केट, म्हणजे या खेळातलं नेहमीचं लक्ष्य, कुठून असणार? ठरलेल्या खोडाला डिस्क लागली की होल पूर्ण. यात कमीपणा काही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला, तिथेही आधी नुसते खांबच होते. खांबाला लागली की नुसती चाटून गेली यावर वाद व्हायचे, म्हणून तो कोर्स आखणाऱ्या एड हेड्रिकने साखळ्यांची बास्केट शोधली. आमचे वाद अजून चालू आहेत.

खेळ शिकवला भाच्याने. तो अमेरिकेत शार्लटला असतो, तिकडे झाडीतले कोर्स पुष्कळ. ‘मावशी, झाडांकडे बघू नकोस, फटीकडे बघ,’ हे त्याचं पालुपद. मी म्हटलं, ‘अरे, फट दिसली तर बघेन ना!’ सुरूची खोडं बारीक, पण एकामागे एक अशी उभी की चार पावलं बाजूला सरकलात तर मोकळी वाट बंद. नियमाने फांदी मोडायची नाही, जागा करायला वाकवून धरायचीही नाही. डिस्क पडली तिथूनच, अंग चोरून, पुढची फेक.

इथे लेपर्ड नकोच. चुकली तर ती नुसती चुकत नाही, बनात आणखी खोल जाऊन चुकते. शार्कची शेवटची डावी ओढ मोकळ्यावर चालते, अरुंद वाटेत ती हमखास खोड शोधते. एव्हिआर मात्र हातातून सुटली की जवळजवळ सरळ जाते आणि थकून तिथेच बसते. तीस-चाळीस मीटरच्या वाटेला दोन शांत फेकी, आणि खोडावर ‘टक्’. हा आवाज मला आता फार आवडतो. फोरहँडने कल उजवीकडे जातो, तेवढं एक शिकलात की निम्मी झाडं वाटेतून बाजूला होतात.

डीएक्स हे कंपनीचं स्वस्तातलं प्लास्टिक. दमट हवेतही पकड छान बसते. झाडांवर आपटून कड खडबडीत होते आणि डिस्क हळूहळू आधी उजवीकडे जास्त वळायला लागते. काहींना ते खटकेल. माझ्या कमी जोराच्या हाताला उलट झिजलेली डिस्कच बरी पडते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपासचं घ्या, खांदा दुखणार नाही. रंगाबाबत मात्र हट्ट धरा. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर तपकिरी असतो आणि डिस्क त्याखाली घसरत जाते, तेव्हा गुलाबी किंवा आकाशी रंग मागा. हिरवी, पिवळी, तपकिरी घेतलीत तर खेळण्यापेक्षा शोधण्यातच वेळ जाईल. पाण्याच्या बाजूला तर फेकूच नका, या डिस्क बुडतात.

मुंबईच्या दुकानांत मला हा संच मिळाला नाही. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जागा सांगून ठेवा. आणि जागा सांगताच आहात तर संचासोबत एक जादा एव्हिआरही आणायला सांगा. लेपर्ड ओहोटीला मोकळ्या वाळूवर काढते मी, वाऱ्याला पाठ करून.