डायरेक्ट कनेक्टची माहिती पाहायची कुठे: कन्सोलवर की सीएलआयवर?

टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या दहा-पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. "सर, डायरेक्ट कनेक्टचे डिटेल्स कन्सोलवर बघायचे की कमांड मारायची?" डायरेक्ट कनेक्ट म्हणजे आपलं नेटवर्क आणि ॲमेझॉनचा क्लाउड (एडब्ल्यूएस) यांना थेट जोडणारी खासगी लिंक. कन्सोल म्हणजे तिची ब्राउझरमधली पानं, सीएलआय म्हणजे टर्मिनलवर टाइप करायच्या कमांड. लिंक एकदा उभी राहिली की पुढची कित्येक वर्षं तिच्याशी आपला संबंध येतो तो पाहण्यापुरताच. व्हीलॅन (ट्रॅफिक वेगळं ओळखायचा क्रमांक) कुठला, पीअर आयपी (दोन्ही टोकांच्या राउटरचे पत्ते) कुठले, बीजीपी (राउटर एकमेकांना रूट सांगतात तो प्रोटोकॉल) चालू आहे का, पोर्ट पलीकडे कुठे जाऊन टेकलंय. एडब्ल्यूएसवर मी दोन्ही वाटा वापरल्या, आजही वापरतो. कल कुठे आहे ते पुढे येईलच.

कन्सोलची खरी सोय एलओएच्या, म्हणजे आपल्या पोर्टला केबल जोडायची परवानगी देणाऱ्या पत्राच्या, वेळी कळते. नवीन डेडिकेटेड (फक्त आपल्यासाठीचं) पोर्ट मागितलं की साधारण ७२ तासांत पत्र तयार होतं. कनेक्शनच्या पानावरून पीडीएफ उतरवायची, डेटा सेंटरवाल्यांना पाठवायची, की क्रॉस कनेक्टचं (डेटा सेंटरच्या आत दोन्ही बाजू जोडणाऱ्या केबलचं) काम सुरू. सीएलआयने हेच करायला गेलं तर पीडीएफ बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, गुंडाळून येते, ती उलगडून फाइल करावी लागते. जमतं, पण वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या कामासाठी दरवेळी कमांड शोधत बसण्यापेक्षा बटण बरं. त्यात या पत्राला ९० दिवसांची मुदत असते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. पोर्टवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रकाशाची पातळी क्लाउडवॉच ही एडब्ल्यूएसची देखरेख सेवा डीबीएममध्ये (शक्ती मोजायचं एकक) नोंदवते. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. पण आठवडाभराची रेघ हळूहळू खाली उतरताना दिसली की आपण फायबरचं टोक साफ करायला माणूस पाठवतो. ती रेघ डोळ्यांनीच पाहायची असते, आणि त्यासाठी ब्राउझरच हवा. वरिष्ठांना काही दाखवायचं असेल तेव्हाही मी कन्सोलच उघडतो.

दोन्ही वाटांवर एक चूक सारखीच होते, ती आधी सांगून टाकतो. कनेक्शनची स्थिती 'अव्हेलेबल' दिसली म्हणजे ट्रॅफिक चाललंय असं नाही. ती स्थिती पोर्टची. बीजीपीची स्थिती व्हर्च्युअल इंटरफेसच्या (थोडक्यात व्हिफ, पोर्टवर उभी केलेली आभासी जोडणी) आत, पीअरिंगमध्ये, वेगळी असते. आमच्याकडे एकदा शाखांचे नवे सबनेट जोडता जोडता प्रायव्हेट व्हिफवरून जाहीर होणारे रूट १०० च्या वर गेले. मर्यादा १०० चीच आहे, ती ओलांडली की बीजीपीचं सेशन आयडलमध्ये जातं, म्हणजे बंद पडतं. ड्युटीवरच्या मुलाने कनेक्शनचं पान उघडलं, तिथे सगळं हिरवं. त्याने लिंक ठीक आहे असं धरलं आणि फायरवॉल तपासत बसला. व्हिफच्या पानावर गेला असता तर पहिल्या मिनिटात उत्तर मिळालं असतं. सीएलआयमध्येही कनेक्शन आणि व्हिफ यांच्या कमांड वेगळ्याच आहेत, तेव्हा इथे कोणाला झुकतं माप देत नाही.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती.

आमच्या दोन लिंक होत्या, दोन वेगळ्या प्रोव्हायडरकडून घेतलेल्या, एकाच डेटा सेंटरमध्ये उतरलेल्या. एक पडली तर दुसरी आहे, ही सगळ्यांची समजूत, माझीसुद्धा. एके दिवशी नियोजित मेंटेनन्सचा मेल आला. त्यात खाली बाधित कनेक्शनचे ओळखक्रमांक असतात. आमचे दोन्ही होते. मेल दुपारी आला होता, वाचला गेला संध्याकाळी, आणि रात्री दोन्ही लिंक एकाच मिनिटाला खाली गेल्या. ऑर्डर देताना आम्हीच विचारलं नव्हतं की दोन्ही पोर्ट पलीकडे वेगळ्या डिव्हाइसवर आहेत ना. प्रोव्हायडर दोन आहेत म्हणजे सगळंच वेगळं, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा सहकारी कन्सोल उघडून बसलो. प्रत्येक कनेक्शनच्या पानावर एडब्ल्यूएस डिव्हाइसचं नाव असतं. नावाचा पहिला भाग लोकेशनचा कोड, मग एक रेघ, आणि पुढे दहा-बारा अक्षरं-आकड्यांचं अर्थहीन शेपूट. लोकेशन एकच असल्यामुळे पहिला भाग सारखा असणारच, बघायचं असतं ते शेपूट. एक टॅब उघडायचा, शेपूट मनात धरायचं, दुसऱ्या टॅबवर जायचं. मधल्या दोन अक्षरांपाशी आम्ही दोनदा अडखळलो. शेवटी तो मोठ्याने एकेक अक्षर वाचत गेला आणि मी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून ताडून पाहत गेलो. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं. दोन्ही लिंक एकाच पेटीत.

ती माहिती त्या पानांवर पहिल्या दिवसापासून होती. मी स्वतः ती पानं कितीतरी वेळा उघडली होती. पान एका कनेक्शनचं असतं, आणि त्या एका कनेक्शनपुरतं सगळं बरोबरच होतं. गोम होती ती दोन पानांवरची एक ओळ सारखी असण्यात, आणि ती दोन पानं शेजारी ठेवावीत असं कोणाच्या मनात आलं नाही.

मग सीएलआयवर कनेक्शन्सची डिस्क्राइब कमांड चालवली, क्वेरीत नाव, लोकेशन, डिव्हाइस आणि स्थिती एवढीच चार फील्ड मागितली, आउटपुट टेबलमध्ये. दोन ओळी आल्या. डिव्हाइसच्या रकान्यात वर-खाली तेच नाव, अक्षराखाली अक्षर. वाचावंसुद्धा लागलं नाही. जे ताडून पाहायला आम्हाला पाच मिनिटं लागली होती ते तिथे नुसतं दिसत होतं. तेव्हापासून माझा कल सीएलआयकडे आहे.

यावर कोणी म्हणेल की दोनच लिंक असतील तर कन्सोलवरही हे एकदा तपासून होतं. खरं आहे. पण आज आमच्याकडे दोन अकाउंट आणि दोन रिजन (एडब्ल्यूएसची भौगोलिक क्षेत्रं) आहेत: मुंबई, आणि २०२२ मध्ये हैदराबाद आल्यावर तेही. कन्सोलवर यादी दिसते ती वर निवडलेल्या रिजनची. चुकून दुसरंच रिजन निवडलेलं राहिलं की यादी रिकामी दिसते आणि क्षणभर पोटात गोळा येतो. सीएलआयसुद्धा एका वेळी एकाच रिजनचं सांगतं, पण तिथे चार ओळींचा लूप लिहून अकाउंट आणि रिजन फिरवता येतात. सोमवारी सकाळी आमची स्क्रिप्ट हेच करते, आउटपुट गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवते, आणि मागच्या आठवड्याशी फरक काढते. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० वरून बदलला, एखादी व्हिफ कोणी काढून टाकली, पीअरचा एएसएन (बीजीपीमधला नेटवर्कचा क्रमांक) वेगळा दिसू लागला, तर ती ओळ तिथेच वर येते. पानं उघडून हे आठवड्याला करायचं म्हटलं तर तिसऱ्या आठवड्यापासून कोणी करणार नाही.

सीएलआयच्या बाजूने बोलताना एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. व्हर्च्युअल इंटरफेसच्या डिस्क्राइब कमांडचं पूर्ण आउटपुट मागितलं तर त्यात बीजीपीची ऑथेंटिकेशन की उघड्या अक्षरांत येते. आमच्याकडे एकाने ते आउटपुट जसंच्या तसं तिकिटात चिकटवलं होतं. की बदलावी लागली, आणि त्यासाठी पुन्हा डाउनटाइम मागावा लागला. म्हणून क्वेरीशिवाय ती कमांड चालवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पाहणाऱ्याला परवानगीही फक्त डायरेक्ट कनेक्टच्या रीड-ओन्ली पॉलिसीची द्यावी. आणि लॅपटॉपवर ॲक्सेस की ठेवायची भीती वाटत असेल तर ब्राउझरमधलं क्लाउडशेल आहे, तिथे सीएलआय तयारच असतं. सुरुवात करायला मी तेच सुचवतो.

तुमच्याकडे एखाद्या पार्टनरकडून घेतलेलं एकच होस्टेड कनेक्शन (पार्टनरच्या पोर्टवरचा वाटा) असेल, तर एवढा खटाटोप कदाचित नको. होस्टेडवर व्हिफही एकच असते, कशाशी ताडून पाहायचं असं काही नसतं. कन्सोलवर महिन्यातून एकदा नजर टाकलीत तरी पुरेल. दुसरी लिंक घ्यायचा विचार मनात आला की मात्र हा प्रश्न पुन्हा काढा, आणि ऑर्डर देण्याआधी काढा. एडब्ल्यूएसच्या रेझिलियन्सी टूलकिटमधून मागणी नोंदवली तर तिथे सुरुवातीलाच विचारलं जातं की पोर्ट एका लोकेशनमध्ये वेगळ्या डिव्हाइसवर हवेत की वेगवेगळ्या लोकेशनमध्ये. आम्ही ते नंतर शिकलो.

दुसरी लिंक आम्ही पुढे वेगळ्या लोकेशनला हलवली. ती आल्यावर एका रविवारी सकाळी फेलओव्हर टेस्ट (एक लिंक मुद्दाम पाडून ट्रॅफिक दुसरीवर जातं का ते पाहणं) घेतली. या टेस्टचा वेळ सांगितला नाही तर ती १८० मिनिटं चालते, आम्ही १५ च ठेवली. कन्सोलवर पहिल्या व्हिफची स्थिती 'टेस्टिंग' झाली, ट्रॅफिक दुसरीवर गेलं, आणि चहा येईपर्यंत परतही आलं. ते पाहायला मी कन्सोलच उघडलं होतं, कारण आलेख तिथे होते. त्याआधी शेजारच्या टर्मिनलवर ती चार रकान्यांची क्वेरी चालवून घेतली होती. दोन ओळी, दोन वेगळी नावं.

नवीन माणसाला पहिला आठवडा मी कन्सोलवरच फिरू देतो, कुठली गोष्ट कशाच्या आत आहे ते त्याशिवाय डोक्यात बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती क्वेरी त्याच्याकडून हाताने टाइप करून घेतो. तिच्यात डिव्हाइसचा रकाना आता नावाच्या लगेच पुढे आहे. लोकेशन आणि स्थिती त्यानंतर.