देवगडच्या झेरॉक्स दुकानातला न्यायमूर्ती ललित यांचा निर्णयसंच

देवगड-जामसंड्यात वकील मंडळींची सतत ये-जा असलेल्या एका झेरॉक्स आणि बांधणीच्या दुकानाने अलीकडे एक वेगळा जिन्नस विक्रीला ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या एकेका न्यायमूर्तींचे निवडक निर्णय छापायचे, आरंभी मराठीतून त्यांचा अल्प परिचय जोडायचा आणि पुठ्ठ्यात बांधून द्यायचे, असे या संचांचे स्वरूप आहे. त्यांपैकी माजी सरन्यायाधीश उदय उमेश ललित यांच्या संचाला सर्वाधिक मागणी आहे, यात नवल नाही. ललित घराणे मूळचे याच तालुक्यातल्या गिर्ये गावचे. त्यामुळे कोर्टाची पायरी कधी न चढलेली माणसेही दुकानात आल्यावर हा संच हातात घेऊन चाळतात. तीन भागांचा हा संच मी विकत घेतला आणि पूर्ण वाचला. तो घेण्याजोगा आहे, मात्र आहे तसा घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

आधी बांधणीविषयी. संच स्पायरलमध्ये किंवा कापडी पाठीच्या शिलाईच्या बांधणीत मिळतो. कोकणातल्या दमट हवेत स्पायरलचा काही उपयोग नाही. दोन पावसाळ्यांत कडेची पाने फुगतात आणि भोकांपाशी फाटू लागतात. शिलाईचा संच अधिक महाग पडतो, पण उलगडून टेबलावर सपाट राहतो आणि शिवण इतकी घट्ट आहे की जाड भागही मधोमध फाकत नाही. दुकानदाराने आतल्या बाजूला रुंद समास सोडला आहे, त्यामुळे मजकूर शिवणीत जात नाही. वकिलांना टिपणे करायलाही जागा मिळते. पाठपोट छपाईत पलीकडची अक्षरे उमटत नाहीत. कायद्याच्या दृष्टीनेही व्यवहार स्वच्छ आहे. न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकालपत्र छापण्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. खासगी प्रकाशकांनी तयार केलेल्या टिपांची गोष्ट वेगळी, आणि त्या इथे कुठेही घेतलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपल्या निर्णयांचा अधिकृत अहवालसंग्रह संकेतस्थळावर विनामूल्य खुला केल्यामुळे अशा दुकानाला हे काम करणे शक्य झाले आहे.

पहिल्या भागातला परिचय छोटा, पण नेटका आहे. जन्म ९ नोव्हेंबर १९५७, सोलापूरचे बालपण, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातले शिक्षण, १९८३ मध्ये सनद, १९८६ पासून दिल्ली, तिथे ज्येष्ठ वकील सोली सोराबजी यांच्या हाताखालची वर्षे, २००४ मध्ये ज्येष्ठ वकील म्हणून नामनिर्देशन आणि टू-जी दूरसंचार परवाने घोटाळ्याच्या खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून नियुक्ती, हा प्रवास त्यात सरळ मांडला आहे. वडील उमेश ललित मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते आणि आणीबाणीच्या काळात त्यांना कायम केले गेले नाही, हाही उल्लेख येतो. त्यावर दोन परिच्छेद अधिक असते तरी चालले असते, कारण न्यायाधीशाचे स्वातंत्र्य किती सहज काढून घेता येते हे या मुलाने घरातच पाहिले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये ते उच्च न्यायालयात न बसता वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वाटेने जाऊन पुढे सरन्यायाधीश झालेले ते न्या. एस. एम. सिक्री यांच्यानंतरचे दुसरेच.

दुसरा भाग संचाचा कणा आहे. त्यात पहिला मान तिरुवनंतपुरमच्या श्री पद्मनाभस्वामी मंदिराच्या निर्णयाला मिळाला आहे आणि ही निवड मला फार समर्पक वाटली. १३ जुलै २०२० च्या या निकालपत्रात न्या. ललित यांनी केरळ उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय बाजूला ठेवला आणि मंदिराच्या व्यवस्थापनाचा त्रावणकोर राजघराण्याचा हक्क शेवटच्या राजाच्या १९९१ मधील निधनाने संपत नाही असे ठरवले. त्याच वेळी कारभार मात्र जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. संस्थान गेले, तनखे गेले, तरी देवाशी असलेले नाते उरते का, हा त्यातला प्रश्न आहे. सिंधुदुर्गात ज्याने एखाद्या देवस्थानाचा मानपानाचा वाद जवळून पाहिला आहे, पालखीला पहिला खांदा कोणाचा आणि देवाच्या जमिनीचा हिशेब कोणाकडे यावरून वाड्या-वाड्यांत धुमसणारी भांडणे ऐकली आहेत, त्याला हे लांबलचक निकालपत्र कंटाळवाणे वाटणार नाही. वहिवाटीचा मान कायम ठेवायचा, पण हिशेब तपासता येईल अशा हाती कारभार द्यायचा, हा तोडगा आपल्याकडच्या कित्येक मानकऱ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. विजय मल्ल्या यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल जुलै २०२२ मध्ये दिलेली चार महिन्यांची कैद आणि २,००० रुपये दंडाची शिक्षाही याच भागात आहे. ती वाचायला सोपी, पण न्यायमूर्तींची ओळख तिच्यातून फारशी होत नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. निकालपत्र ज्यांच्या नावे लिहिलेले, त्यांच्याच संचात ते घालायचे, असा नियम दुकानदाराने धरला आहे. ‘काकानू, नावान शोधलंय तेवां इतक्याच गावला,’ असे त्याचे सरळ उत्तर. परंतु सर्वोच्च न्यायालयात माणूस एकटा बसत नाही, खंडपीठात बसतो, आणि त्याच्या कारकिर्दीतले काही सर्वांत मोठे क्षण सहकाऱ्याने लिहिलेल्या मजकुराखालच्या सहीत असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तीन-दोन अशा बहुमताने तिहेरी तलाकची प्रथा रद्द झाली. त्या बहुमतात न्या. ललित होते, पण लेखणी न्या. नरिमन यांची. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारात त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हायला हवा, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लावलेला अर्थ नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ते खंडपीठाचे प्रमुख होते. निकाल लिहिला न्या. बेला त्रिवेदी यांनी. मार्च २०१८ मध्ये अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली तत्काळ अटक रोखणारा आणि देशभर संताप उसळवणारा निर्णय न्या. गोयल यांनी लिहिला, आणि शेजारी न्या. ललित होते. त्यातले निर्देश पुढे न्यायालयानेच मागे घेतले. गौरवाचे आणि वादाचे, दोन्ही प्रकारचे निर्णय या एका नियमामुळे संचाबाहेर पडले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये, पूर्वी उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंह यांची बाजू मांडली होती म्हणून त्यांनी अयोध्या खटल्यातून स्वतःला बाजूला केले, तो छोटासा आदेशही इथे नाही. न्यायाधीशाने काय ऐकायचे नाकारले, हेही त्याच्या चरित्रात यायला हवे.

तिसऱ्या भागात सरन्यायाधीशपदाचे ७४ दिवस आहेत. २७ ऑगस्ट ते ८ नोव्हेंबर २०२२ हा काळ एवढा तोकडा का, हे दुकानाने एका ओळीत सांगायला हवे होते: पद ज्येष्ठतेने मिळते, निवृत्ती ६५ व्या वर्षी ठरलेली असते, आणि दोन्हींच्या मध्ये जेवढे उरेल तेवढेच हाती लागते. तेवढ्यात त्यांनी घटनापीठे, म्हणजे घटनेच्या मोठ्या प्रश्नांसाठीची किमान पाच न्यायाधीशांची पीठे, झपाट्याने बसवली, प्रकरणे सुनावणीला लावण्याची पद्धत बदलली आणि २७ सप्टेंबरपासून घटनापीठांचे कामकाज लोकांना थेट पाहता येऊ लागले. नव्या पद्धतीत दुपारच्या प्रकरणांना वेळ पुरत नाही, अशी नाराजी त्यांच्याच सहकाऱ्यांच्या एका खंडपीठाने आदेशात नोंदवली होती. घाई आणि शिस्त यांच्यातली ही ओढाताण संचात आली असती तर चित्र अधिक खरे झाले असते. सर्वांत खटकणारी उणीव मात्र ७ नोव्हेंबरची. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाची १०३ वी घटनादुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरली, त्या दिवशी, म्हणजे कामकाजाच्या आपल्या अखेरच्या दिवशी, सरन्यायाधीश अल्पमतात होते. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांतल्या गरिबांना या लाभातून वगळणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, या न्या. भट यांच्या भिन्नमताशी त्यांनी सहमती दर्शवली. सर्वोच्च पदावरचा माणूस शेवटच्या दिवशी हरलेल्या बाजूला उभा राहतो, हे ज्या पानांत आहे तीच पाने नियमावर बोट ठेवून गाळली आहेत.

दुकानदार माणूस ऐकणारा आहे. वरच्या निर्णयांची यादी दिल्यावर त्याने पुरवणी बांधून देण्याचे कबूल केले आणि आठवड्याभरात दिलीही, तीही न्या. भट यांच्या भिन्नमतासह. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे गेल्याने घाट चढून जाणाऱ्या तरुण वकिलांची या दुकानात वर्दळ वाढली आहे, तेव्हा मे संपायच्या आत मागणी नोंदवलेली बरी. नंतर दमट कागद यंत्रात अडकू लागतो आणि काम रेंगाळते. मागणी देताना शिलाईची बांधणी आणि ‘पुरवणीसह’ असे दोन्ही स्पष्ट लिहून द्यावे.