जमखंडीच्या वाड्यातले म्हणून विकलेले रविवर्मा चित्र

कलाकृती, जुन्या वस्तू आणि गृहसजावट एकाच मंडपात मांडणाऱ्या बेळगावातील एका प्रदर्शनात राजा रविवर्मा यांच्या ‘लक्ष्मी’चा अस्सल शिळाछाप (दगडावरून छापलेले चित्र) म्हणून आमच्या कुटुंबाला 38,000 रुपयांना विकलेले चित्र अलीकडच्या ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल निघाले. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतील अनेक जण नव्या घरासाठी अशा प्रदर्शनांतून खरेदी करतात, म्हणून हा व्यवहार कसा घडला ते सविस्तर लिहीत आहे.

टिळकवाडीतील आमच्या नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी आम्ही आधी गृहसजावटीच्या दालनात चौकशी केली. तेथील सजावटकाराने भिंतीचे मोजमाप ऐकताच, “काकू, तुमच्या घराला खानदानी वस्तूच शोभेल,” असे म्हणत आम्हाला शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दालनात स्वतः नेऊन बसवले. हे चित्र जमखंडी संस्थानातील एका मानकऱ्याच्या वाड्यातून आल्याचे आणि 1894 साली मुंबईत रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला त्याच वर्षीची ही प्रत असल्याचे विक्रेत्याने सांगितले. आपल्याकडच्या जुन्या देवघरांत रविवर्मा छापखान्याची चित्रे खरोखरच असत, आणि वाडे पाडताना ती भंगारवाल्याकडे गेलेली आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे ही हकीकत पूर्णपणे खरी वाटावी अशीच होती. लोकांच्या मनातील जुन्या घरांविषयीची माया हेरून तिचाच असा वापर केला जातो, याचा मला सर्वाधिक संताप येतो.

काच बदलण्यासाठी चित्र शहापुरातील एका चौकट बनवणाऱ्या कारागिराकडे नेले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. सागवानी चौकट जुनीच होती. आतील कागद मात्र नवा होता. मूळ शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत, त्यामुळे सोनाराच्या भिंगातून पाहिल्यास त्यातील ठिपके लहानमोठे आणि अनियमित दिसतात. आमच्या चित्रात लक्ष्मीच्या चेहऱ्यावर निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके जाळीसारखे एकसारख्या अंतरावर बसलेले दिसले. जुना कागद चौकटीखाली झाकलेल्या कडेला आणि उघड्या भागात वेगवेगळा पिवळा पडतो. हा कागद पुढून, मागून आणि कडेलाही सारख्याच तपकिरी रंगाचा होता, कारण तो चहासारख्या पाण्यात बुडवलेला असावा. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली त्याच्या न छापलेल्या कोपऱ्यात निळसर चमक दिसली. अशी चमक देणारी रसायने कागदात साधारण 1950 नंतर वापरात आली. आणखी एक विसंगती तर चित्रावरच छापलेली होती. तळाशी छापखान्याचा पत्ता कार्ला-लोणावळा असा आहे, आणि छापखाना मुंबईहून तिकडे गेला तो नंतर. म्हणजे 1894 ची मुंबईची प्रत आणि हा पत्ता एकत्र येऊच शकत नाहीत.

विक्रेत्याला दूरध्वनी केल्यावर त्याने बिल वाचून पाहण्यास सांगितले. त्यावर रविवर्मा, शिळाछाप किंवा वर्ष यांपैकी एकही शब्द नाही. केवळ ‘चौकटीसह सजावटीचे चित्र’ एवढेच लिहिले आहे. सोबत दिलेले शिक्क्याचे ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ त्याच्याच दुकानाचे आहे आणि त्यावर चित्राचे मापसुद्धा नाही. म्हणून खरेदीपूर्वी चित्राचे नाव, छापण्याची पद्धत, अंदाजे काळ आणि वस्तू नकली निघाल्यास पैसे परत देण्याची हमी बिलावरच लिहून, सही करून मागावी, आणि विक्रेता चौकटीची पाठ उघडू देत नसेल तर तो व्यवहार तेथेच सोडावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि अशा वस्तू विकण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो. वस्तू सव्वाशे वर्षांची असल्याचे सांगणाऱ्याकडे तो परवाना नक्की मागावा. आमच्या विक्रेत्याकडे आम्ही तो मागितल्यावर त्याने दूरध्वनी बंद केला.

पैशांचा काही भाग यूपीआयने दिलेला असल्यामुळे खातेदाराचे नाव आमच्याकडे आहे, आणि दालनातील पाटीसह काढलेले छायाचित्रही आहे. रोख दिलेल्या रकमेचा मात्र कोणताच पुरावा नाही, म्हणून संपूर्ण रक्कम बँकेतूनच द्यावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता परगावचा असला तरी अडत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर नोंद करता येते. पोलिसांतही तक्रार द्यायची असल्यास, ठाण्यातील कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने मराठीभाषक तक्रारदाराने सोबत कन्नड जाणणारी व्यक्ती न्यावी आणि सही करण्यापूर्वी मजकूर शब्दशः वाचून घ्यावा. चित्र, चौकट आणि बिल आम्ही तक्रारीसाठी जसेच्या तसे ठेवले आहे. सजावटकाराचे नाव आम्ही तक्रारीत घातले आहे, कारण त्या दालनापर्यंत आम्हाला त्यानेच नेले होते.