दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? ठरवण्याआधी दोन्हींचा हिशेब

आयटीआय कमी मार्कवाल्यांचं आणि डिप्लोमा हुशारांचा, ही वाटणी आधी डोक्यातून काढून टाका. शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटरची जागा मिळवायला कित्येक ठिकाणी चांगले मार्क लागतात, आणि त्याच गावाजवळच्या खाजगी पॉलिटेक्निकमध्ये जागा रिकाम्या असतात. निवड करायची ती दोन प्रश्नांवर. घराला तुमची पहिली कमाई कधी हवी आहे? आणि तुमचा जीव हाताच्या कामात रमतो की ड्रॉइंग आणि आकडेमोडीत? मार्कांचा प्रश्न यानंतरचा.

वर्षं मोजून पाहा

दहावी सोळाव्या वर्षी झाली असं धरू. दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयमधला एखाद्या कामाचा अभ्यासक्रम, केला तर अठराव्या वर्षी प्रमाणपत्र, आणि एक वर्ष अप्रेंटिसशिप (कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी) धरली तर एकोणिसाव्या वर्षी तुम्ही कामाला तयार. डिप्लोमा तीन वर्षांचा, तोही एकोणिसाव्याच वर्षी संपतो. फरक एवढाच, की आयटीआयवाल्याला त्यातलं शेवटचं वर्ष विद्यावेतन मिळालेलं असतं आणि डिप्लोमावाल्याने तेच वर्ष फी भरलेली असते.

पुढे डिग्री करायची असेल तर डिप्लोमावाला सीईटी न देता थेट दुसऱ्या वर्षाला जातो आणि बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होतो. अकरावी-बारावी करून गेलेलाही बाविसाव्याच वर्षी बाहेर पडतो. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षं आयटीआय, दोन डिप्लोमा, तीन डिग्री, आणि वय तेवीस. सगळ्यात लांबच्या वाटेने गेलात तरी एकच वर्ष जास्त लागतं. ‘आयटीआय केलं की पुढचं शिक्षण संपलं’ असं सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

यात एक अट मात्र आहे. ट्रेड दोन वर्षांचा हवा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) हे एक वर्षाचे. वेल्डर होऊन चांगली कमाई करणारे खूप आहेत, पण वेल्डरच्या प्रमाणपत्रावर थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडत नाही. प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही आणि नंतर मुलगा पॉलिटेक्निकच्या खिडकीवरून परत येतो. मनात पुढच्या शिक्षणाची थोडीही शक्यता असेल तर एक वर्षाचा ट्रेड घेऊ नका. पात्रतेचे गुण आणि कोणत्या ट्रेडवरून कोणती शाखा मिळते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा.

दिवस कसा जातो

आयटीआयच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे 1,200 तास धरलेले आहेत. त्यांतले 840 प्रॅक्टिकलचे, 240 थिअरीचे आणि 120 रोजगारकौशल्यांचे. वर 150 तास प्रत्यक्ष कारखान्यातलं काम किंवा प्रोजेक्ट. म्हणजे शिक्षणाचा मोठा भाग उभ्याने होतो. फिटरचे सुरुवातीचे आठवडे कानस चालवण्यात जातात. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरची चूक चालते, पुढे ती 0.04 मिलिमीटरवर आणावी लागते. हातांना फोड येतात, बाजू सपाट होण्याऐवजी मधे फुगते, कारण कानस पुढे ढकलताना हात वरखाली डुलतो. ज्यांना यात गोडी वाटते ते पुढे उत्तम कारागीर होतात. ज्यांना पंधरा दिवसांत कंटाळा येतो त्यांनी तो कंटाळा गांभीर्याने घ्यावा.

पास होण्याचे नियमही तसेच आहेत. थिअरीला 33 टक्के पुरतात, पण प्रॅक्टिकलला 60 टक्के लागतात. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. आयटीआयमध्ये अडकणारी बरीच मुलं अभ्यासामुळे नाही, हजेरीमुळे अडकतात. शेतीचा हंगाम, एखादी सुट्टीची नोकरी, मग महिनाभर दांड्या, आणि फॉर्म भरायच्या वेळी कळतं की हजेरी भरत नाही.

डिप्लोमात अडचण वेगळी आहे. पहिल्याच वर्षाला गणितात लॉगरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, आणि त्यापाठोपाठ डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. बारावी सायन्सवाला दोन वर्षांत जे गणित पचवतो त्यातलं बरंचसं इथे वर्षभरात समोर येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यात इंग्रजीचं ओझं. ही मुलं ढ नसतात. शब्द कळेपर्यंत पहिली परीक्षा येऊन ठेपलेली असते, एवढंच. निकाल लागून कॉलेज सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पुन्हा घोटून घ्या, आणि पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकातले तांत्रिक शब्द वहीत मराठी अर्थासह उतरवून ठेवा. पहिलं वर्ष एकदाही विषय न राहता निघालं तर पुढची दोन वर्षं बरीच सोपी जातात.

आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना हे गणित शिकायलाच मिळालेलं नसतं, आणि वर्गात तर ते येतं असं धरूनच शिकवतात. त्यांनी प्रवेशाआधीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक संपवावं. वर्कशॉपमध्ये ही मुलं सगळ्यांच्या पुढे असतात, अडतात ती फक्त इथे.

पैसे

शासकीय आयटीआय सगळ्यात स्वस्त, मग शासकीय तंत्रनिकेतन, मग बऱ्याच अंतराने खाजगी पॉलिटेक्निक. खाजगीत फीबरोबर बस, होस्टेल, डिपॉझिट, परीक्षा फी हे सगळं तीन वर्षांचं लिहून काढा आणि मगच तुलना करा.

आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण तिच्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेवर ती मिळत नाही. कॉलेजचा माणूस ‘शिष्यवृत्तीचं बघू नंतर’ म्हणत असेल तर प्रवेश कोणत्या प्रकारचा आहे ते पावतीवर पाहूनच पैसे भरा. दुसरी नेहमीची चूक बँकखात्याची. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. खातं असणं आणि ते आधार सीडिंग झालेलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन तपासा.

कर्ज काढून, शिक्षक पुरते नाहीत आणि मशीन धूळ खात पडली आहेत अशा खाजगी कॉलेजात डिप्लोमा करण्यापेक्षा शासकीय आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड कितीतरी शहाणपणाचा. कॉलेज पाहायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. लेथच्या बेडवर ताजं तेल आणि खाली बुरादा आहे का बघा.

नोकरीच्या जाहिराती काय मागतात

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, की डिप्लोमा वरचं शिक्षण म्हणून आयटीआयच्या जागांना आपोआप चालतो. तसं नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय लागतं, त्याऐवजी ठरावीक शाखांचा डिप्लोमाही चालतो. पण टेक्निशियन ग्रेड तीनच्या बहुतेक पदांना आयटीआयच लागतं, तिथे डिप्लोमा धरत नाहीत. दोन्ही पदं सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल दोनची, मूळ वेतन 19,900. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. 2023 च्या अखेरीस आलेली त्याची जाहिरात 5,347 जागांची होती, आणि मानधन पहिल्या वर्षी 15,000, मग 16,000, मग 17,000. तीन वर्षांनंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित होण्याची वाट. एसटी महामंडळ आणि आयुध निर्माणीतही ट्रेडवाल्यांना जागा निघतात.

डिप्लोमाचं खरं वजन कनिष्ठ अभियंता या पदात आहे. राज्य सरकारच्या कनिष्ठ अभियंत्याचं मूळ वेतन 38,600 पासून सुरू होतं, रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरचं 35,400 पासून. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, यांत सिव्हिलवाल्यांना जास्त जागा निघतात. पण याच परीक्षांना डिग्रीवालेही बसतात, तेव्हा डिप्लोमानंतर वर्ष-दीड वर्ष नेटाने तयारी करायची तयारी हवी.

खाजगी कारखान्यांत, म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुपवाड इथे, आयटीआयवाला मशीनवर लागतो, डिप्लोमावाला क्वालिटी, मेंटेनन्स, प्रॉडक्शनमध्ये ट्रेनी इंजिनिअर म्हणून. सुरुवातीच्या पगारात फार अंतर नसतं. अंतर दिसतं ते पाच-सात वर्षांनी, सुपरवायझर नेमताना. हे आयटीआयवाल्याने आधीच ओळखून ठेवावं आणि दोन-तीन वर्षं कमावल्यावर डिप्लोमाकडे वळायचं का ते ठरवावं.

अप्रेंटिसशिपकडे नीट पाहा

शिकाऊ उमेदवारी 1961 च्या कायद्याखाली चालते. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 विद्यावेतन धरलं आहे. सध्याचा दर पोर्टलवर पाहून घ्या. आयटीआयवाल्यांची नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते, डिप्लोमावाल्यांची नॅट्स पोर्टलवर.

घोळ होतो तो इथे. ‘कंपनीत अप्रेंटिस लावतो’ म्हणून एजंट किंवा ठेकेदार मुलं भरतो, बारा महिने राबवतो आणि शेवटी हातात साधं अनुभवपत्र देतो. ती अप्रेंटिसशिप नव्हेच. खऱ्या अप्रेंटिसशिपचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याचा क्रमांक असतो, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. सरकारी भरतीत या प्रमाणपत्राला किंमत आहे, रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत 20 टक्के जागा अशांसाठीच राखीव असतात. पहिल्या आठवड्यात करार क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर तुम्ही ठेक्यावरचे कामगार आहात, आणि मग पीएफ कापला जायलाच हवा. कापत नसतील तर दुसरी जागा शोधा.

कोणी काय घ्यावं

गणितात दहावीला बरे मार्क आहेत, घर तीन वर्षं थांबू शकतं आणि शासकीय किंवा नावाजलेल्या तंत्रनिकेतनात कॅपमधून जागा मिळते आहे, तर डिप्लोमा घ्या. घराला अठरा-एकोणिसाव्या वर्षी हातभार हवा आहे, गणिताची धास्ती आहे किंवा हाताला काम लागल्याशिवाय चैन पडत नाही, तर दोन वर्षांचा ट्रेड, आणि तोही इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा मशिनिस्टपैकी. खाजगी आयटीआयमध्ये जात असाल तर त्या ट्रेडच्या त्याच तुकडीला राष्ट्रीय संलग्नता, म्हणजे राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठीची मान्यता, आहे का ते लेखी विचारा. संस्थेला आहे म्हणजे प्रत्येक तुकडीला असतेच असं नाही.

ठरत नसेल तर दोन्ही अर्ज भरा. आयटीआयची प्रक्रिया व्यवसाय शिक्षण संचालनालयाची आणि डिप्लोमाची तंत्रशिक्षण संचालनालयाची, दोन्ही वेगळ्या चालतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता, 31 मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेयर ही कागदं निकालाआधीच काढून ठेवा, नंतर तहसीलमध्ये रांग लागते. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जे खरोखर घ्यायचं आहे, कारण पहिली पसंती मिळाली की ती जागा घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एका ठिकाणी जमा करण्याआधी दुसऱ्या प्रक्रियेची फेरी कोणत्या तारखेला आहे ते पाहून घ्या. प्रवेश रद्द करून तो परत मिळेपर्यंत ती तारीख निघून गेलेली असू शकते.